पॅनेलखालचं गवत

संस्थेची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा अध्यक्ष घरी आले. "सुरुवातीला सचिव तुम्हीच होता, ताई. इतिहास तुम्हीच लिहा," म्हणाले. मी लिहिला. त्यांनी तो छापला नाही. तो हा.

आमच्या गावामागच्या माळावर कंपनीच्या पवनचक्क्या दिवसभर फिरायच्या आणि आमच्या मोटारींना वीज मिळायची ती रात्री, तीही लहर आली तर. त्या चिडीतून आमची सहकारी संस्था निघाली. गायरानावर सौर पॅनेल बसवायची, सभासदांना दिवसा वीज द्यायची, नफा कुणी घ्यायचा नाही. सभासद व्हायला सातबारा लागायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या गायरानावर एक मावशी मेंढरं चारायची. नवरा वारलेला, शेत नाही. ग्रामसभेत जागेचा ठराव आला तेव्हा ती एकटी उभी राहिली.

"मंग माझी मेंढरं कुठं जातील?"

उत्तर मी दिलं. "पॅनेल कमरेइतकी उंच बसणार आहेत, मावशी. खाली गवत येईल, ते तुमचीच मेंढरं चरतील."

"तू म्हणतीस?"

"मी म्हणते."

तिनं हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. संस्थेच्या रजिस्टरात त्याचं इतिवृत्त मीच लिहिलं, आणि मेंढरांचं बोलणं त्यात घेतलं नाही. सगळ्यांसमोर झालंय, लिहायचं काय त्यात, असं वाटलं. त्या आळसाचा राग मला अजून येतो.

पहिल्या उन्हाळ्यात भर दुपारी मोटारी चालल्या. मीही आमच्या विहिरीवर पाइपाखाली हात धरून उभी राहिले. तो आनंद खोटा नव्हता. पण त्याच महिन्यात गायरानाला तारेचं कुंपण पडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. मेंढरं वायरी कुरतडतील म्हणे. कुरतडताना कुणी पाहिलं, असं मी वार्षिक सभेत विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"मावशींना शब्द दिलाय आपण," मी म्हणाले.

अध्यक्षांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. "दाखवा कुठं लिहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "ती सभासदबी न्हाय." चार जण हसले. मग मतदान झालं. कुलूप राहू द्या म्हणून जे हात वर गेले, त्यात माझ्या दिराचा हात होता. नवरा खाली बघत बसला.

सचिव म्हणून एक किल्ली माझ्याकडं होती. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी फाटक उघडून मावशीला आत घेऊ लागले. तीन आठवडे मेंढरं चरली. एकाही वायरीला तोंड लागलं नाही. मग एका सकाळी किल्ली फिरेना. कुलूप बदललं होतं. मावशी माझ्या शेजारी उभी होती, मागं सगळी मेंढरं. दिवाळीआधी कळप विकून ती उमरग्याला लेकीकडं गेली.

पुढच्या पावसाळ्यात गवत पॅनेलच्या वर आलं आणि सावलीनं वीज घटली. यंत्रानं गवत कापायला माणसं आणली, तर पात्याखालचे दगड उडून सहा पॅनेल फुटली. तेव्हा अध्यक्षांना मावशी आठवली. "तुमचं ऐकतील त्या. बोलावून आणा."

मी एसटीनं उमरग्याला गेले. हायवेवरच्या ढाब्यामागं मावशी भांडी घासत होती. निरोप ऐकून तिनं हातातली कढई बाजूला ठेवली.

"मेंढरं कुठं हायत आता?" ती म्हणाली. मग कढई परत पुढ्यात ओढत, "मला वाटलं, तू लिवलं असशील."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

परत येऊन अध्यक्षांना सांगितलं, मावशीनं मेंढरं विकली. ते मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग दुसऱ्या कुणाची बघू."

रजिस्टर त्यांच्या टेबलावर टाकून मी त्याच दिवशी सचिवपद सोडलं.