मिस रूथचा एकटेपणा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या फजितीचा मला अजूनही थोडा अभिमान आहे.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात मराठी बायकांचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एकदा, चहा-चिवड्यासकट. या वेळचा विषय होता, छोट्या अमेरिकन गावांच्या कादंबऱ्यांमधली एकटी माणसं. बोलणार मी. सुलभाकाकू म्हणाल्या, "लिटरेचर शिकलीस ना? मग बोल." मी तशी टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते. पण पुस्तकांचं म्हटलं की कुठून तरी धीर येतो.

वाचता वाचता मला थिअरीच सुचली. या कादंबऱ्यांत घराला पोर्च, म्हणजे पुढचा ओटा असतो, पोर्चवर खुर्ची असते, खुर्चीत म्हातारं माणूस असतं आणि पायऱ्या चढून कुणी येत नाही. का? यांच्यात भांडं रिकामं परत न करण्याची पद्धत नाही! आपल्याकडे शेजारणीच्या डब्यात काहीतरी घालूनच तो परत द्यायचा. मग येणं-जाणं थांबेल कसं? एवढं त्या लेखकांना कळतं, तर निम्म्या कादंबऱ्या दुसऱ्या पानावर संपल्या असत्या.

आणि पुरावा समोरच बसलेला. मिस रूथ. समोरच्या घरातल्या, सत्तरीच्या (इथे वयस्कर बाईला आदराने 'मिस'च म्हणतात), रोज दुपारी पोर्चवर एकट्याच.

मी थालीपिठं घेऊन गेले. त्यांचा कुत्रा शिंकला तशी दोन पायऱ्या खाली उतरले, पण पुन्हा चढले. हे महत्त्वाचं.

दोन दिवसांनी माझा डबा परत आला, सोबत त्यांच्या काचेच्या भांड्यात पीचचा गोड पदार्थ. आता ते भांडं रिकामं कसं द्यायचं? मी त्यातून साबुदाण्याची खिचडी नेली. लगेच त्यांचं दुसरं भांडं आलं. उन्हाळाभर हेच. खिचडी, केक, अळूवडी, ॲपल पाय. माझ्या जीन्सचं बटण लागेना, पण एका माणसाचा एकटेपणा मी संपवत होते, यार. जीन्सचं काय घेऊन बसलात?

भाषणाच्या दिवशी मी मिस रूथनाच घेऊन गेले. थिअरी मांडली, शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी इंग्लिशमध्ये. टाळ्याही पडल्या.

सुलभाकाकूंनी त्यांना विचारलं, "ही येण्याआधी फार एकटं वाटायचं का हो?"

"मला?" मिस रूथ हसल्या. "चार मुलं, डझनभर नातवंडं, चर्चचं गाणं, गुरुवारी पत्ते. दुपारचा तो एक तास मी फोन आत ठेवून बाहेर बसते. तेवढीच शांतता."

मी चहाचा कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे, बशीच्या शेजारी.

"पण हिच्या दारात मला कधी कुणाची गाडी दिसली नाही," त्या पुढे म्हणाल्या. "बिचारी पोर. माझं भांडं परत द्यायचं असलं तरच घराबाहेर पडते, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी भांडी पाठवत राहिले."

मग सुलभाकाकू हळूच म्हणाल्या, "अगं, कादंबरीतलं माणूस तूच की!"

असू दे. बाकीच्या नुसत्या एकट्या माणसांबद्दल बोलतात. जिवंत नमुना घेऊन आलेली आमच्या गटात मी पहिलीच. फक्त कुठला नमुना आणला होता, ते मला शेवटी कळलं.