वेतुरियामावशीचा दगडावरचा फोटो

वेतुरियामावशीला दुकानात कुणी विचारलं, "वाइन घेतलीस? पाहुणे येणार वाटतं?" की ती म्हणते, "छे, पाय धुवायला." बसमध्ये कुणी विचारलं, कुठे निघालीस, तर म्हणते, "बस नेईल तिकडे." आमच्या ओल्तेनिया प्रांतात माणसं फाटकाबाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते नजरेनंच ओळखतात. मावशीच्या फाटकाबाहेर बाक नाही. होतं ते तिनं उचलून आत कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेऊन टाकलं. कोंबड्या बघतात, पण चार घरी जाऊन सांगत नाहीत, असं तिचं म्हणणं.

ती बसस्थानकाजवळ गोगोशी तळून विकते. खमिराच्या पिठाचे टम्म फुगलेले गोळे, वर भुरभुरलेली पिठीसाखर. तिच्यासारखे आख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नाहीत, आणि पिठात काय घालते ते ती सांगत नाही. मी तिची सख्खी भाची, पण मलाही नाही. "तू सरकारी माणूस," म्हणते, "तुझं काही खरं नाही."

ती अशी झाली ती नवऱ्यामुळे, ग्लिगोरकाकामुळे. काका वाईट माणूस नाही हो. दारू नाही, मारझोड नाही. पण बायको बाहेरून आली की तिची पिशवी चाचपणार, तिचं पत्र आलं की आधी स्वतः फोडणार, ती माझ्या आईशी फोनवर बोलायला लागली की हा दाराशी कान लावून उभा. "मी नवरा ना तुझा? मग लपवायचंय काय?" लपवायचं काहीच नव्हतं, तेच तर! मावशी आजही चिडून सांगते, "अगं, साबण होता पिशवीत. साबण आणि कांदे. पण माझे होते ते!" शेवटी एक दिवस ती कपडे घेऊन आमच्याकडे आली ती आलीच. पुढे रीतसर घटस्फोटही झाला.

राहिला तो दगड. आमच्याकडे जिवंतपणीच कबरीवर दगड उभा करून ठेवतात. नाव, जन्मसाल, पुढे एक रेघ आणि चिनीमातीवर छापलेला लंबगोल फोटो. पोरांच्या भरवशावर कोण राहतं? काकानं मोठ्या हौसेनं जोडीचा दगड बसवला होता. एका बाजूला तो, मिशा पिळलेला, आणि दुसऱ्या बाजूला मावशी, चाळिशीतली, खळखळून हसणारी. संसार मोडला, दगड तसाच राहिला.

गेल्या वसंतात, मृतांच्या शनिवारी, मावशी चर्चमध्ये गेली. पाद्रीबाबा गेलेल्यांची नुसती नावं घेत होते, आडनाव कुणी लावत नाही. त्यात एक वेतुरिया आली. मावशीनंही तिच्यासाठी क्रूसाची खूण केली. बाहेर आल्यावर शेजारच्या गावची एक बाई कोलिवा वाटत होती, म्हणजे मेलेल्याच्या नावानं करतात तो गव्हाचा गोड भात. मावशीनं द्रोणभर घेतला आणि विचारलं, "कुठली गं ही वेतुरिया?"

"गोगोशीवाली," ती बाई म्हणाली. "माझी नणंद फिरुत्सा स्पेनमध्ये असते ना, तिची मैत्रीण. तिनं पैसे पाठवून करवून घेतलं. फार रडत होती बिचारी फोनवर."

मावशीनं द्रोण संपवला. मग म्हणाली, "साखर कमी पडलीय. मी एवढी कडू नव्हते."

त्या बाईच्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं.

सोमवारी सकाळी मावशी गावकचेरीत माझ्या टेबलासमोर उभी. "ओतिलिया, मी मेले का गं?"

"कोण म्हणतं?"

"तुझी कचेरी म्हणते! फिरुत्सानं फोनवर वाचलंय."

आता माझं तिथलं काम सांगते. लोकांच्या खाजगी माहितीचं रक्षण करा, असा युरोपचा कायदा आला तेव्हा प्रत्येक कचेरीत त्यासाठी एक माणूस नेमायचा होता. सरपंचांनी सगळ्यांकडे पाहिलं, बाकीच्यांनी माना खाली घातल्या, मी नेमकी शिंकले. पडलं माझ्या गळ्यात. पुढे त्याच सरपंचांनी, परगावी गेलेल्यांना आपली माणसं सापडावीत म्हणून, गावची दफनभूमी फोटोंसकट इंटरनेटवर चढवली. मला विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. ज्यांचं नाव दगडावर ते मेलेले, असा सरळ हिशेब!

मी शोधलं, तर मावशी होतीच. हसरी, आणि खाली ठळक अक्षरांत 'मृत'. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यासमोरच ते पान काढून टाकलं. "झालं बघ. स्वतःबद्दल खोटी नोंद असेल तर ती पुसून घ्यायचा तुझा हक्कच आहे."

"आणि दगड?"

"दगड काकाचा आहे, मावशी."

"आणि चेहरा कुणाचा आहे?"

तो युरोपचा कायदा नोंदींचा, त्यात दगड बसवायचा कसा देव जाणे. पण आपला चेहरा आपल्या मर्जीशिवाय कुणी मिरवू नये, हे आमच्या देशाच्या कायद्यातही लिहिलेलं आहे. मी काकाला बोलावणं धाडलं.

काका रविवारची टोपी घालून आला, तो तयारीनिशीच. "मी सगळी चौकशी केलीय," म्हणाला. "तुमचा तो कायदा मेलेल्यांना लागू नाही. आणि कबर हा मेलेल्यांचा विषय आहे."

"बरोबर आहे काका. मेलेल्यांना नाही लागू. पण मावशी मेलीय का?"

काका जरा घुटमळला. "अजून नाही," म्हणाला.

"अजून नाही म्हणजे? वाट बघतोयस काय रे?" दार धाडकन उघडून मावशी आत.

"मावशी! तू दाराशी ऐकत होतीस?"

"माझ्याबद्दल बोलत होतात ना? मग ऐकायचा मला हक्क आहे." आणि ती काकासमोरची खुर्ची ओढून बसली.

"अगं, पण लोक काय म्हणतील?" काका म्हणाला. "एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला भोक? शोभा होईल माझी."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण मावशीचा आवाज एकदम खाली आला. "ग्लिगोर, तुझ्या घरात मला कधी एक दार लावून बसता आलं नाही. मला भीती वाटते रे. मी गेल्यावर आपली पोरं इटलीतून धावतपळत येतील, नाव कोरलेलं आहेच म्हणतील, आणि सोयीचं म्हणून मला तुझ्याशेजारीच ठेवतील. मग मी कुणाला सांगू? मातीत तरी मला माझी जागा हवी."

काका टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत राहिला. मग म्हणाला, "काढतो."

आणि खरंच काढलं. पाथरवटानं नाव घासून टाकलं, पण फोटोला काकानं त्याला हात लावू दिला नाही, तडा जाईल म्हणाला. स्वतः पातळ सुरी घेऊन कडेकडेनं, गुडघे टेकून, घामाघूम होत तो सोडवत होता. मावशी आणि मी बाजूला उभ्या. फोटो अखंड निघाला. काकानं तो बाहीनं पुसला, नुसता बघत राहिला.

"वेतुरिया," तो म्हणाला, "हा मी ठेवू का? घरात, कपाटात. कुणाला दाखवणार नाही."

मला तर भरूनच आलं. मी असते तर देऊन टाकला असता. मावशीचेही डोळे भरले होते.

"तू मला असं कधी विचारलं नव्हतंस," ती म्हणाली.

"नव्हतं."

"म्हणून खरं ते सांगते. नको."

काकानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बरं," म्हणाला, आणि फोटो तिच्या हातात दिला.

फोटो ॲप्रनच्या खिशात घालून मावशी निघाली. दफनभूमीपासून पुलापर्यंत भराभरा चालली. पुलावर मात्र थांबली आणि माझा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस ना गं? 'बरं' म्हणाला!" ती हसत होती आणि ॲप्रननं डोळे पुसत होती. "एवढं एकदा जमलं असतं ना त्याला, तर मी ते घर सोडलंच नसतं."