काकांचा संथ पल्स

आमच्या कामगार संघटनेच्या सभेच्या खोलीतली ट्यूब लुकलुकायला लागली की मला खामगावच्या त्या शेडमधलं, आम्ही सगळे काका म्हणायचो त्या म्हाताऱ्या वेल्डरचं टेबल आठवतं. आम्ही दोघं शेजारी-शेजारी स्टीलच्या दुधाच्या टाक्यांना टिग वेल्डिंग करायचो, म्हणजे एका हातातल्या टॉर्चनं पत्रा वितळवून दुसऱ्या हातानं सांध्यात तार भरायचो. मशीन पल्सवर लावलं की करंट क्षणभर चढतो, उजेड भडकतो आणि पत्रा वितळतो, मग उतरतो आणि पत्रा निवतो. हे किती भरभर व्हावं ते आपण बटणावर ठरवायचं. काका ते इतकं संथ ठेवायचे की मागच्या भिंतीवर उजेड धपापत राहायचा. पोरं चिडवायची, “काका, झोप लागून राह्यली का तुमाले?” एका दुपारी काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरनं स्वतःच पल्सचा वेग वाढवला आणि काकांच्या हातून पत्र्याला भोक पडलं. जेवणाच्या सुट्टीत ते मला हळूच म्हणाले, “मले सांधा दिसतच नाही रे. उजेडाचा मोठा झटका आला की तेवढा दिसते, त्यातच तार देतो. सांगू नको कोणाले, घरी बसवतील.” वेल्डिंगच्या मुखवट्याची तडे गेलेली काच वर्षानुवर्षं वापरायला लावून डोळे मालकानं घालवले, आणि लपवायचं मात्र काकांनी. मी कोणालाच सांगितलं नाही, पण भोकं वाढत गेली आणि त्यांना घरी बसवलंच. आता आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर कामगारांच्या डोळ्यांसाठी पत्रकं वाटतो. पहिलं पत्रक मी काकांच्या घरी नेलं. त्यांनी ते नाकापाशी धरलं, उलटसुलट केलं, आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, “तूच वाच बाप्पा.”