रक्तपिपासूची रात्र रंगवणारी गेशे

गेशे टीडेमान ही माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. एल्बे नदीकाठच्या आमच्या गावात तिच्या सासऱ्यापासून निळीचं रंगकाम चालत आलेलं. बावीस वर्षं तिनं नवऱ्याच्या जोडीनं कापड बुडवलं. कोपरापर्यंत हात निळे, रविवारी देवळात येतानाही. ते हात देवाला चालत होते, रंगाऱ्यांच्या पंचांना नाही. नवरा गेला तसे पंचांतले म्हातारे लोझे उस्ताद म्हणाले, बाईनं कापड धुवावं, हौदात हात घालायचा तो पुरुषानं. सप्टेंबरअखेरीस, संत मिखाएलच्या सणाला, पंच बसणार होते. त्यांनी नाही म्हटलं की गेशेचे हौद लोझ्यांकडे जाणार.

सणाच्या दहा दिवस आधी चित्रगृहात नवा मूकपट लागला. शवपेटीतून उठून माणसांचं रक्त पिणारा एक उमराव. असल्या पटातली रात्र भर उन्हात टिपतात आणि मग तेवढी फीत निळ्या रंगात बुडवतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक? आमच्याकडे आलेल्या फितीला ते बुडवणंच राहून गेलं होतं. उमराव लख्ख दुपारी कंदील घेऊन निघाला, तसा मागून कसाई म्हणाला, "टोपी घाल रे बाबा, ऊन लागेल." पियानो वाजवणाऱ्या बाईलाही हसू आवरेना.

चित्रगृहाचे मालक ब्रोडरसन फीत रंगवून मागायला आधी लोझ्यांकडे गेले. हे काही कापड नव्हे, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मग ब्रोडरसन गेशेकडे आले आणि ती हो म्हणून बसली.

हातभर तुकडा तिनं सवयीनं कोमट पाण्यात सोडला, तर चित्र सायीसारखं सुटून वर तरंगलं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिनं ते सांगितलं. मी डुकराच्या मुंडीचा रस्सा थिजवायला ठेवत होते. फितीवर सरस असतो असं ब्रोडरसन म्हणाले होते, ते मला आठवलं.

"अगं, तोच सरस या भांड्यात आहे," मी म्हटलं. "ऊब लागली की त्याचं पाणी होतं. तळघरात कर, गार पाण्यात."

"एवढं शहाणपण असून तू नुसता रस्सा वाढत बसलीस होय आम्हाला?" ती म्हणाली आणि उठली.

विहिरीचं पाणी, लोकर रंगवायचा निळा रंग, थोडं व्हिनेगर. कापड टांगायची तिची लोखंडी चौकट चांदणीसारखी असते, आकडेच आकडे. फितीच्या कडेला ओळीनं भोकं असतात, ती त्या आकड्यांत अडकवून तिनं फीत आतून बाहेर गोल गोल चढवली. एका वेढ्याला दुसरा टेकला की डाग. असं चढवणं तिच्या हातात मुरलेलं. रात्रीचे तेवढे तुकडे बुडवायला आणि वाळवायला तीन दिवस गेले.

असली चित्रं पाहू नयेत, असं पाद्रीबुवांनी सांगितलं होतं. मी प्रभूला म्हटलं, शेजारणीच्या कामासाठी जातेय, आणि रविवारी दुपारी स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले. उमराव कंदील घेऊन निघाला. आता रस्ता निळा, भिंती निळ्या, त्याचं तोंड तेवढं पांढरं. कुणी हसलं नाही. कसायानं बायकोचा हात धरला. माझ्याही पुस्तकाची पानं घामानं चिकटली.

दिवे लागल्यावर लोझे उस्ताद पुढे आले. गेशेचा हात त्यांनी उजेडात उलटा करून पाहिला.

"फितीवर कुठं डाग नाही, कुठं रंग दाटला नाही. कसं केलंस?"

"बुडवून," गेशे म्हणाली.

सणाला पंच बसले, तेव्हा पहिले तेच बोलले. "मी जे काम बघून दार लावलं, ते हिनं केलं. हिला नाही म्हणायचं असेल, तर आधी मला म्हणा." हौद गेशेकडेच राहिले.

आज तिच्या दारावर पाटी चढली: गेशे टीडेमान, रंगकाम. खिळे तिनंच ठोकले. शिडी लोझ्यांनी धरली होती आणि वरून ती सांगत होती, "नीट धरा, उस्ताद, हलवताय तुम्ही." संध्याकाळच्या प्रार्थनेत मी त्या निळ्या हातांसाठी प्रभूचे आभार मानले.