चपलेचा सीन

चंपतरावांना कापूस वेचणीला बोलवायचं असलं की शेतकरी मजुरीच्या आधी एकच गोष्ट विचारायचे, "एवढ्यात कोणता पाहून आले?" चंपतराव नुकताच एखादा पिक्चर पाहून आले असले की त्या शेतात बाया न बोलावता यायच्या.

तेलंगणाच्या सीमेवरच्या, बेला मंडळातल्या त्या गावात बायांच्या ओळीत कापूस वेचणारा दुसरा पुरुष नव्हता. पुरुषांनी गाठोडी उचलावी, बैलगाडी भरावी, अशी रीत. चंपतराव मात्र कमरेला फडक्याची ओटी बांधून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, मधल्या ओळीत शिरायचे. दोन्ही बाजूंना दहा-बारा बाया. जी मागे राहील तिला ऐकू येणार नाही आणि जी पुढे पळेल तिलाही नाही, म्हणून सगळ्याजणी एका रेषेत सरकायच्या. कोणी बोंड अर्धं सोडायची नाही, कोणी मध्येच पाणी प्यायला जायची नाही. गावातले टवाळ म्हणायचे, "चंपतराव, उद्या लुगडं नेसूनच या." चंपतराव हसायचे आणि ओटी बांधायचे.

ते पूर्ण पिक्चर कधी सांगत नसत. हाणामारी सोडून देत, गाणी सोडून देत. त्यांना सीन सांगायचा असे. आदिलाबादच्या टॉकीजमध्ये बहुतेक तेलुगू पिक्चर लागत आणि चंपतरावांची तेलुगू बाजारापुरती. कापसाचा भाव, बसची वेळ, आकडे. त्यापुढे सगळा अंधार. बोलणं कळत नाही म्हणून ते माणसांचे हात पाहत बसत. कोण काय उचलतं, काय खाली ठेवतं, कोणाचा हात कुठे थांबतो. असं पाहता पाहता त्यांना एक समजलं होतं. आवाज बंद केला तरी जो सीन कळतो, तोच घरापर्यंत सोबत येतो.

त्यांचा एक ताटांचा सीन होता. आई जेवायला पाच ताटं मांडते. मोठा मुलगा भांडून शहरात निघून गेलेला. ती ताटांकडे बघते, पाचवं उचलते, पदरानं पुसते आणि परत फळीवर ठेवते. एवढंच. हा सीन सांगताना ओळीतले हात थांबायचे.

"ते ताट त चांगलं होतं नं?" एकदा शेजारच्या मनकर्णाबाईनं विचारलं. "मंग पुसलं काऊन?"

"तेच त हाये, मनकर्णावैनी," चंपतराव म्हणाले. "ते रडली असती त तुमी पाहून सोडून देल्लं असतं. ते रडली नाई, ताट पुसलं. आता तिच्या वाटचं तुमाले रडा लागते."

मनकर्णाबाईनं नाक ओढलं. "काई रडून नाई राह्यली मी. पऱ्हाटीचा कचरा गेला डोळ्यात."

असे वीस-पंचवीस सीन चंपतरावांजवळ होते. पण सगळ्यांत जास्त मागणी चपलेच्या सीनला. आणि तो मागणारी पहिली बाई नेहमी त्यांची स्वतःची बायको, बयनाबाई.

त्या सीनची हकिगत अशी, की चाळीस वर्षांमागे बयनाबाई रुसून माहेरी गेली होती. माहेर पैनगंगेपलीकडे, पांढरकवड्याच्या बाजूला. झालं होतं काय, की चंपतरावांनी एकदा मेव्हण्याला दोन पायल्या ज्वारी दिली आणि आईला सांगितलं नाही. पुढे कणगीत ज्वारी कमी दिसली. आई चार बायांसमोर सुनेला म्हणाली, "भावाचं घर भरते." चंपतराव तिथंच दोर वळत बसले होते. बयनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. ते दोर वळत राहिले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

चार महिन्यांनी ते आणायला गेले. सासऱ्यांनी समजावलं म्हणून ती निघाली, पण वाटभर बोलली नाही. आदिलाबादला उतरले तेव्हा बेल्याच्या गाडीला तीन तास होते. घरी पोचायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं आणि चंपतरावांची जीभ उचलत नव्हती. ते तिला घेऊन दुपारच्या खेळाला जाऊन बसले.

पिक्चर तेलुगू. बयनाबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मध्यंतरानंतर पडद्यावर एक नवरा उंबऱ्यावर बसला, बायकोची तुटलेली चप्पल घेऊन दाभणानं शिवू लागला आणि बोलू लागला. बायको चुलीकडे तोंड करून उभी. खूप वेळ बोलत होता तो. बयनाबाईनं चार महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "काय म्हणते तो?"

चंपतरावांना एक शब्द कळला नव्हता. ते तिच्याकडे वाकले आणि हळू आवाजात सांगू लागले, "तो म्हणते, तुह्यावर आळ आला तवा मी गप्प बसलो. खरं काय ते मले एकट्यालेच माहीत होतं. तोंड उघडलं नाई. तू माह्याकडं पाह्यलं, तवाच माहं मन मले खाऊन राह्यलं होतं. घरी चाल. मायले मी सांगतो."

बयनाबाई पदर तोंडाला लावून रडली. पडद्यावर पुढे काय झालं ते चंपतरावांनी पाहिलंच नाही. ते तिच्याकडे पाहत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "ज्वारी मी देल्ली होती." आई दोन दिवस फुगून बसली आणि नंतर विसरली. बयनाबाई मात्र विसरली नाही. तिनं मनकर्णाबाईला सांगितलं, "पिक्चर पाहून तरी अक्कल आली बाप्पा यायले."

तेव्हापासून तो हिरो तिच्या घरचा झाला. चंपतराव लग्नकार्यात घुम्यासारखे बसले की ती म्हणायची, "तो पाहा, कसा मनमोकळा बोलला बायकोजवळ. आन् आमचं हे, मूग गिळून बसते." मुलाच्या सोयरिकीत म्हणाली. नातीच्या बारशात म्हणाली. वेचणीत सीन सांगून झाला की बायांना म्हणायची, "मानूस असा पायजे." चंपतराव मान खाली घालून पुढचं बोंड वेचायचे. सांगून टाकावं असं त्यांना किती वेळा वाटलं. पण मग वाटायचं, ही म्हणेल, फसवून आणलं मला. ज्या बोलण्यावर ती परत आली ते बोलणंच खोटं, असं ती म्हणाली तर पुढे काय बोलायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

या संक्रांतीला नात प्रियदर्शनी सुटीवर घरी आली. आदिलाबादला कॉलेजात शिकते. शाळेपासून तेलुगू माध्यम, मैत्रिणी तेलुगू; ती तेलुगूत भांडू शकते. दुपारी ओसरीच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्याला टेकून बयनाबाई पाय पसरून बसली होती. प्रियदर्शनी फोन घेऊन तिच्याजवळ सरकली.

"आजी, तुहा पिक्चर सापडला. चपलेचा. मैत्रिणीच्या आईनं वळखला, चप्पल शिवते म्हटल्यावर."

बयनाबाई सरळ होऊन बसली. "खरंच? दाखव पोरी. आन् तो काय म्हणते ते मले एकेक शब्द मराठीत सांग. हे आता म्हातारे झाले, अर्धं गाळते."

चंपतराव कापसातला कचरा निवडत होते. त्यांचा हात थांबला.

"तो नसन तो," ते म्हणाले. "असे लय होते तवा."

"पाहू त द्या, आबा."

"फोनचं चार्जिंग जाईन."

"ऐंशी टक्के हाये."

"मंग चहा घ्या पयले."

"आत्ताच त झाला," बयनाबाई म्हणाली. "तुमाले काय झालं? तुमचाच सीन हाये नं? या इकडं, बसा."

चंपतराव ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसले. प्रियदर्शनीनं बोटानं पुढे सरकवत नेमकी जागा काढली. तोच उंबरा, तीच चूल. हिरो फारच पोरसवदा दिसत होता. बयनाबाईनं फोनजवळ तोंड नेलं. "हाच. हाच व माय."

तो बोलू लागला. प्रियदर्शनी त्याच्यामागोमाग सांगू लागली. "म्हणते, चपलेचा अंगठा तुटला. चांभार बुधवारी येते, तोवर चालणार नाई. म्हणते, गायीनं आज दूध कमी देल्लं. शेवग्याले यंदा लय शेंगा आल्या."

"पुढं?"

"रस्त्याचं काम निघालं म्हणते. त्या शेंगा तू नसताना कोनी तोडल्या नाई म्हणते. बस." तिनं फोन थांबवला. "आजी, हा त इकडचं तिकडचं बोलून राह्यला. आळबिळ काई नाई याच्यात. माफी नाई."

चंपतरावांनी तो सीन आज पहिल्यांदा पाहिला. एवढी वर्षं सांगितला, पण पाहिला आज. नवऱ्याला बोलता येत नाही, म्हणून तो शेंगांचं बोलतो आणि हात मात्र टाके घालत राहतात. शेंगा कोणी तोडल्या नाहीत म्हटल्यावर चुलीजवळच्या बाईचा हात थांबतो. किती चांगला केला होता पिक्चरवाल्यांनी. आणि यातलं काहीच आपण बायांना सांगितलं नाही, असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी बयनाबाईकडे पाहिलं आणि सीन विसरले.

ती फोनकडे पाहत नव्हती. कापसाचा एक पुंजका ओढून त्याचा पेळू बोटांत वळत होती.

"मंग ते कोन म्हटलं?" तिनं विचारलं.

प्रियदर्शनी आजोबांकडे पाहू लागली. बाहेर मोटारसायकल गेली.

"मी," चंपतराव म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. मले त्याचा एक शब्द कळला नव्हता."

बयनाबाईनं पेळू वळला, उलगडला, पुन्हा वळला. "चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या मानसाच्या नावानं तुमाले बोलून राह्यली."

"हो."

"मनकर्णासमोर बोलली. सोयऱ्यांसमोर बोलली. आन् तुमी ऐकून राह्यले?"

"मंग काय करू? मानूस चांगलाच होता तो."

प्रियदर्शनीला हसू आलं. तिनं ओढणी तोंडावर धरली. बयनाबाई हसली नाही.

"तुमी मले तवाच सांगायचं होतं. टॉकीजातच. हे मी म्हणतो म्हून."

"सांगतलं असतं त तू बेल्याच्या गाडीत बसली असती?"

ती विचार करू लागली. उगाच काही म्हणायचं म्हणून म्हणणारी बाई नव्हती ती. चंपतरावांच्या हातातली, कापसातून निवडलेली काडी मोडली.

"नाई," ती शेवटी म्हणाली. "नसती बसली. तुमाले ऐकूनच घेतलं नसतं तवा." मग फोनकडे बोट करून म्हणाली, "त्या मानसालेही नाई जमलं नं बोलनं. शेंगा सांगत बसला."

"नाई जमलं."

"पोरी, याचा आवाज बंद कर. आन् पयल्यापासून लाव."

प्रियदर्शनीनं आवाज बंद केला. पुन्हा उंबरा आला, पुन्हा चप्पल. बयनाबाईनं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि दोघांना दिसेल असा ढिगावर टेकवून ठेवला.

"सांगा," ती म्हणाली.

"आता? पोरीसमोर?"

"पोरीले माहीत झालंच हाये. सांगा."

शेतात बारा बायांसमोर सांगताना चंपतरावांना कधी असं अवघड गेलं नव्हतं. "तुह्यावर आळ आला तवा मी गप्प बसलो," त्यांनी सुरू केलं. "खरं काय ते मले एकट्यालेच माहीत होतं. तोंड उघडलं नाई. तू माह्याकडं पाह्यलं…" इथं ते अडकले. बयनाबाई वाट पाहत राहिली, तिनं पुढचा शब्द पुरवला नाही. "तवाच माहं मन मले खाऊन राह्यलं होतं. घरी चाल. मायले मी सांगतो."

"घरीच हाये मी," ती म्हणाली. "पुढचं सांगा."

"पुढं नाई. एवढंच होतं."

"त्याचं तोंड हालून राह्यलं अजून."

खरंच हलत होतं. शेंगांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. चंपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बयनाबाईच्या मांडीवर पडलेल्या पेळूकडे.

"तू गेली, त चार महिने मी एक पिक्चर पाह्यला नाई," ते म्हणाले. "आदिलाबादले तीनदा गेलो. टॉकीजसमोरून गेलो. आत नाई गेलो. घरी येऊन सांगाले कोनी नव्हतं."

बयनाबाईनं फक्त मान हलवली, वेचणीत एखादा सीन पटला की हलवायची तशी. फोनमधल्या बाईनं एव्हाना चपलेत पाय घातले होते आणि ती पाण्याला निघून गेली होती.