रविवारचा खोकला

श्रीरामपूरच्या स्टँडवर मला एस.टी.त बसवताना आमच्या ह्यांनी पिशवीत खोकल्याची बाटली टाकली. मी ती काढून परत दिली. माझा खोकला औषधाचा नाही, रविवारचा आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

ह्यांचं पहिलं लग्न चर्चमध्ये झालेलं. ती बाई निघून गेली, कोर्टानं लग्न मोडलं, चर्चनं काही मोडलं नाही. मग आम्ही कचेरीत सह्या करून संसार मांडला. तेव्हापासून मी मिस्सेला (ख्रिस्तयागाला) जाते, चर्च झाडते, गाते. पण चर्चच्या लेखी हे लग्नच नाही, म्हणून फादर जिभेवर ठेवतात तो ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही.

पंचविशीतली मी फार शहाणी. कोण बघतंय, म्हणून एकदा पुण्यातल्या अनोळखी चर्चमध्ये जाऊन प्रसाद घेऊन आले आणि आठवडाभर आरशात जीभ काळी पडली का ते बघत बसले. धाडस संपलं. मग युक्ती काढली. प्रसादाची रांग लागली की खोकायचं आणि बाहेर चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. बाकावरच्या शेजारीण फिलोमिनाबाई इतक्या मायाळू, की मिस्सा सुरू होतानाच माझ्या हातावर खडीसाखर ठेवतात. "तोंडात धरा, घशाला बरं." प्रवासासाठीही त्यांनी पुडी दिली होती.

निघाले होते ढोकीला. लेक सुनीता तिथं राहते, जावई साखर कारखान्यात. नात सायलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता.

करमाळ्यानंतर परंडा आलं. किल्ल्याचे बुरूज बघून मला उगाच वाटलं, लपायला जागा बरी आहे. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. सोनारीच्या भैरोबाचं दर्शन करून आली होती, कपाळभर गुलाल.

"तुमी बी देवालाच निघालाव व्हय?"

मी हो म्हटलं.

"मंग तोंड असं का? कोर्टात निघाल्यावानी."

बार्शीला गाडी बदलली. येडशी ओलांडल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले आणि ढोकी यायच्या आधी मळीचा आंबूस वास आला.

घरी पोचल्यावर सुनीतानं सांगितलं, की इथं चर्च नाही. एका शिक्षकांच्या घरातली मोठी खोली, सतरंजी, वीसेक माणसं. फादर महिन्यातून एकदा येतात. जागा नाही म्हणून रांग लागत नाही. माणसं बसलेली असतात आणि फादरच ओळीनं प्रत्येकासमोर येतात.

चिंच नाही, बाक नाही, आणि प्रसाद स्वतः चालत येणार.

संध्याकाळी शेंगा सोलताना सुनीता हळूच म्हणाली, "आई, इथं तुला कुणी ओळखत नाही. फादर नवे आहेत. पोरीसाठी एकदा घे. मी कुणाला सांगणार नाही."

मी शेंगा सोलत राहिले. पुण्याचा तो आरसा डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी सकाळी सायलीला गुळाचा खडा देऊ केला, तर तिनं ओठ घट्ट मिटले. मग ओठांच्या फटीतून म्हणाली, "प्रसादाआधी एक तास काही खायचं नसतं. तुला पण नाही, आजी."

खोलीत माझ्या एका बाजूला सायली, दुसऱ्या बाजूला कौशाबाई नावाची गावातलीच बाई. फादर येतील तेव्हा तुम्ही काय करता, असं मी तिला कुजबुजत विचारलं.

"म्या न्हाय घेत, आक्का. बाप्तिस्मा कुठं झालाय? घरधन्याचा व्हकार न्हाय. हात असं छातीवर आडवं धरायचं, फादर डोस्क्यावर हात ठिवत्यात. चार वर्सं झाली."

"लाज नाही वाटत?"

"लई वाटायची. आता निम्मी वाटती."

फादर आले. सायलीनं आमेन म्हटलं, प्रसाद घेतला आणि डोळे तिरपे करून माझ्याकडं पाहत राहिली. फादर माझ्यासमोर थांबले. खोटं कशाला सांगू, माझं तोंड अर्धं उघडलं होतं. खोकलासुद्धा येईना. मग हात कसेबसे छातीवर गेले. डोक्यावर एक जड हात क्षणभर टेकला आणि उचलला गेला. नंतर तो कौशाबाईच्या डोक्यावर गेला.

नंतर तिथंच पंगत बसली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सायलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आजी, तुला का नाही दिलं?"

सुनीतानं मान खाली घातली. मी सांगितलं, "आजोबांचं आधीचं लग्न चर्चनं मोडलेलं नाही, म्हणून."

"मग आजोबांना सोडणार?"

"नाही."

"मग कधीच नाही?"

"माहीत नाही, बाळा." हे बोलताना जी भीती वाटली, ती फादर समोर थांबले तेव्हाच्या भीतीहून मोठी होती.

कौशाबाईनं माझ्या पानात चटणी वाढली. "खावा आक्का, भाकर निवती."

दुसऱ्या दिवशी परतताना बार्शीच्या पुढं घसा कोरडा पडला, म्हणून पुडी सोडली. खडीसाखरेचा खडा जिभेवर ठेवला आणि सायलीचे मिटलेले ओठ आठवले. एक तास काही खायचं नसतं. फिलोमिनाबाई तर उपासाला घड्याळ लावून बसणारी बाई. प्रसाद घेणाऱ्या माणसाच्या तोंडात ती मिस्सेच्या सुरुवातीला साखर घालील?

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या खड्यापासून. आणि मी शहाणी इतकी वर्षं चिंचेखाली उभी राहून खोकत होते.

मला दरदरून घाम फुटला. येत्या रविवारी तिच्याच शेजारी बसायचंय, न खोकता उठायचंय, अख्ख्या गावासमोर छातीवर हात धरून रांगेत जायचंय.

तो खडा मी चावला नाही. परंडा येईपर्यंत पुरवला.