मागच्या खोलीतलं पॅरलल कनेक्शन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसतो. आमच्या पोलादपूरला एका अंगाला कशेडीचा घाट, दुसऱ्या अंगाला महाबळेश्वरचा. या दोन घाटांत लिफ्ट मागणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बायकांच्या जेवढ्या गोष्टी मी ऐकल्यात, तेवढ्या बायका खरंच तिथे उभ्या असत्या तर एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. मी कॉम्प्युटरवाला माणूस. बिघाड असला की त्याला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं. हे मी आजही म्हणतो... फक्त एका बिघाडाच्या बाबतीत म्हणत नाही.

साल २००७ च्या आसपास. हायवे सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला वळलं की थोडं पुढे उजव्या हाताला आमचं घर. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. दुकानात तेव्हा माझा सायबर कॅफे होता, पण त्याआधी तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेंडीचं दुकान. सरकी, पेंड, भुसा. गिऱ्हाईक मुख्यतः डोंगरावरच्या वाड्यांतली गुरं-शेळ्या राखणारी माणसं.

त्या दुकानातला फोन म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचा फोन. पीपी नंबर ही भानगड आताच्या मुलांना सांगूनही पटत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही ती माणसं ओळखीच्या दुकानाचा नंबर आपलाच म्हणून देत. वाड्यांतली पोरं मुंबईला कामाला. ती दुपारी मालकाचा डोळा चुकवून आमच्याकडे फोन लावायची आणि तात्या निरोप घ्यायचे. दुपारी दुकान बंद असे, म्हणून तात्यांनी मागच्या खोलीत, पोत्यांच्या बाजूला आपल्या खाटेपाशी, त्याच लाइनीवरचा दुसरा, पॅरलल फोन ओढून घेतला होता. रिंग अर्धी वाजते न वाजते तोच उचलायचे. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. नुसतं "हं." मग समोरच्याचं होईपर्यंत ऐकायचं आणि शेवटी परत एक "हं." त्याचा अर्थ, निरोप पोचेल. आणि तो पोचायचाच, वाडीवरचं कोणी ना कोणी पेंड न्यायला खाली उतरायचंच.

साऱ्या डोंगराच्या पोरांचे निरोप घेणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पोरगा मात्र कधी फोन करत नव्हता. संजू, माझा धाकटा भाऊ. त्याने आपलं आपण लग्न जमवलं, ते तात्यांना मान्य नव्हतं. "या घराचा उंबरठा परत चढायचा नाही," असं ते म्हणाले, आणि संजू त्यांच्याच रक्ताचा, तो खरंच चढला नाही. कुणी म्हणे सुरतेला आहे, कुणी म्हणे बडोद्याला. पत्ता नाही, नंबर नाही. पुढे एके दिवशी तात्या झोपेतच गेले. संजूला कळवणार तरी कुठे? त्या दिवशी मी स्मशानात एकटाच पुढे होतो, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

आई वरून ठीक होती. पण फोन वाजला की तिचा हात असेल तिथे थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. फोन माझ्या गिऱ्हाइकाचा निघाला की ती भाकरी उलटायची. मला ते बघवायचं नाही.

आता मॉडेमकडे येतो. तात्यांच्या मागे मी कॅफे सुरू केला तेव्हा डायल-अप होतं. मॉडेमने ते किंचाळणं किंचाळून एकदाचं कनेक्शन लागलं की फोन एंगेज. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत आमचा फोन एंगेजच. मग आमच्या एक्सचेंजला ब्रॉडबँड आलं आणि मी लगेच अर्ज टाकला. नवा मॉडेम आणायला महाडला गेलो तर मार्चमधला चवदार तळ्याचा दिवस. एवढी माणसं आलेली, की गाडी पार लांब लावून खोका काखेत मारून चालत यावं लागलं. घरी येऊन जोडला. चारही दिवे हिरवे! पेज उघडायला लागली ती फटाफट. आणि नेट चालू असताना फोनही मोकळा. त्या दिवशी मी सगळ्यांना फुकट चहा पाजला.

आठवड्याभरात कटकट सुरू झाली. दुपारी जेवणं उरकल्यावर, कधी थोडं आधी, कधी नंतर, लिंकचा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. थोडा वेळ काही नाही, मग आपोआप परत लागायचं. कॉलेजच्या फॉर्मचं शेवटचं पान भरत आलेल्या मुलीचं सगळं उडायचं आणि ती माझ्याकडे असं बघायची, जसं काही मीच फुंकर मारून घालवलं.

मी हात धुऊन मागे लागलो. केबल बदलली. स्प्लिटर बदलला. मॉडेम पिन घालून रिसेट केला, पंख्यापासून लांब ठेवला, अर्थिंग नवीन केलं. हेल्पलाइनवरची बाई रोज सांगायची, "सर, बंद करून चालू करा." तिला कुणीतरी बंद करून चालू करायला हवं होतं. एकदा दिवा गेल्या गेल्या मी काउंटरवरचा फोन उचलला. टोन नव्हता. नुसती खरखर, आणि त्या खरखरीमागे कोणीतरी असावं अशी शांतता. मी "हॅलो" म्हटलं. टक् आवाज आला, टोन आला, आणि समोर दिवा हिरवा झाला.

लाइनमन मोरेंना बोलावलं. गडगडाटी हसणारा माणूस, तात्यांपासूनची ओळख. ते असतानाच दिवा गेला. त्यांनी खांबावरून एक्सचेंजला विचारलं आणि खाली येऊन म्हणाले, "अनिलशेट, तुमचा फोन उचललेला दाखवतोय."

"अहो, हा काय समोर ठेवलेला!"

"मग पॅरलल असेल. आत कोण बोलतंय का?"

आत कोण बोलणार? मागच्या खोलीतला फोन कॅफे टाकला तेव्हाच भंगारात गेला होता. तरी आम्ही दोघं गेलो. तात्यांची खाट, दोन रिकामी पोती, आणि भिंतीवरून लोंबणारी उघडी वायर. तिच्या टोकाला काहीही नव्हतं.

"वायरी चिकटत असतील एकमेकींना. दमट हवा. नाहीतर उंदीर," मोरे म्हणाले. दोन्ही टोकं वेगळी करून त्यांनी टेप गुंडाळला आणि हसत चहा प्यायले. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा परत गेला. आता मी वैतागलो. टेप सुटला असणार म्हणून तरातरा मागे गेलो. पुढून मुलं ओरडत होती, "दादा, नेट गेलं!" दारातच मला पेंडीचा वास आला. ताज्या, नुकत्याच फोडलेल्या पोत्याचा. त्या घरात पेंड येऊन कितीतरी महिने झाले होते. खोलीत कोणी नव्हतं, टेप होता तसा होता. आणि खाटेच्या बाजूने, माझ्यापासून हातभर अंतरावर, अगदी सहज, आवाज आला.

"हं."

मी कसा बाहेर आलो मला आठवत नाही. पाणी प्यायलो, मग स्वतःला शिव्या घातल्या. ऊन, जागरण, डोक्यात दिवसरात्र तो मॉडेम. दुसरं काय असणार? मी ठरवलं, ती पॅरलल वायर मुळातूनच काढून टाकायची. म्हणजे लाइनही साफ आणि माझं डोकंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेऊन बाहेरच्या फोनच्या डबीपाशी स्टुलावर चढलो तेव्हा ठकूबाय पायरीवर टेकली होती. वरच्या वाडीवरची म्हातारी, बाजाराला उतरली की जुन्या सवयीने आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची.

"काय तोडतोस रे?"

"तात्यांच्या फोनची वायर. आता कुणाला लागते?"

"तोडू नको रे," ती म्हणाली. "कोनाचा तरी पोरगा लावत असंल फोन. आमी हितंच बसायचो वाट बघीत. तात्या होतं म्हनून पोराचा जीव हाय का नाय ते कळायचं."

आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात अडखळला. तरीही मी वायर काढली. समोर परीक्षेचे फॉर्म भरणारी मुलं होती आणि मला माझा धंदा बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. त्या वेळेला तो तसा कधी वाजत नसे. पहिली रिंग पूर्ण झाली, दुसरी झाली. दिव्याला धक्का नाही. मी उचलला.

"हॅलो?"

पलीकडून अगदी हळू... "दादा?"

एवढ्या वर्षांनी. पण आवाज ओळखायला मला क्षण लागला नाही. "संजू! अरे कुठे आहेस तू?"

"आज तू कसा उचललास? तात्या बरे आहेत ना?"

"म्हणजे काय?"

"रोज तात्याच उचलतात ना. अर्ध्या रिंगमध्ये, पहिल्यासारखा. आधी कितीदा लावला, कायम एंगेज. मार्चपासून लागायला लागला. मागे एकदा तू मध्येच हॅलो म्हणालास, तेव्हा घाबरून ठेवला मी." तो भडाभडा बोलत होता. "पहिल्या दिवशी वाटलं, माझा आवाज ऐकून फोन आपटतील. पण नाही रे, ऐकत राहिले. मग मी लावतच गेलो. सगळं सांगितलं त्यांना. नोकरी गेली ते, परत लागली ते... मुलगी झालीये मला, दादा. तिलाही दिला फोन. तिने गाणं म्हणून दाखवलं, तेही ऐकलं पूर्ण. परवा धीर करून विचारलं, सुट्टीत हिला घेऊन घरी येऊ का?"

"मग?"

"'हं' म्हणाले! काल फोन लावायला जमलं नाही. आज सांगायचं होतं, तिकिटं काढली म्हणून. दे ना त्यांना."

कॅफेतली मुलं खटखट टाइप करत होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हे वाक्य मी त्याच्याशी मनातल्या मनात कितीदा तरी रागाने बोललो होतो, आणि आता ते तोंडातून निघेना.

"संजू... तात्या गेले रे. वर्ष उलटून गेलं."

त्याचा हुंदका ऐकू आला, आणि त्यातूनच कसेबसे शब्द. "मग मी कुणाशी..."

आई कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने माझ्या हातातून रिसिव्हर घेतला. इतकी वर्षं कुठे होतास, असं काही ती बोलली नाही. म्हणाली, "'हं' म्हणाले ना ते? मग झालं तर. ते कुणाला तोंड भरून ये म्हणाले होते कधी? तू ये, बाळा. सुनेला घेऊन ये, पोरीला घेऊन ये." आणि मग ती काउंटरला धरून रडली. तात्या गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

नंतर मी ती वायर परत जोडली, मुद्दाम, तपासायला. दिवा परत कधी त्या वेळेला गेला नाही. मोरेंना विचारलं, एक्सचेंजमधल्या साहेबांना विचारलं. क्रॉस कनेक्शन झालं असेल, फोन दुसऱ्याच कोणाकडे लागत असेल, कोणी म्हातारा ऐकत बसत असेल, असं साहेब म्हणाले. मग माझ्या लाइनवर फोन उचललेला का दिसायचा? आणि माझं "हॅलो" संजूला कसं ऐकू गेलं? तुमच्यापैकी कुणी टेलिफोनमधलं असेल आणि याचं उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा. मी खरंच वाचेन. खोटं नाही सांगत, मला अजूनही एखादं साधं कारण सापडलं तर हवंच आहे.

संजू आला त्या दिवशी आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेचा हात धरून तिला आत घेतलं. मुलगी पळत कॉम्प्युटरपाशी गेली. संजू मात्र चपला काढून सरळ मागच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेलो, तर तो खाटेशेजारी जमिनीवर बसला होता.

"दादा, तू यातला माणूस आहेस," तो म्हणाला. "खरं सांग. माझं बोलणं झालं ना त्यांच्याशी?"

क्रॉस कनेक्शन, दमट हवा, उंदीर... सगळं माझ्या जिभेवर होतं. मी त्याच्या शेजारी बसलो.

"झालं," मी म्हणालो.